नकाशाबाहेरचं पाणी

तो नकाशा आता माझ्या स्वयंपाकघराच्या दाराजवळ टांगलेला आहे. दक्षिण अमेरिकेचा. कॉलेजात नवी नवी लागले तेव्हा ड्रॉइंग शीटवर मीच काढला होता आणि अॅनाकोंडाच्या तीन जाती तीन रंगांत भरल्या होत्या. चौथीचा शोध पुढे लागला, तेव्हा तीही चौथ्या रंगात भरली. घरी येणारी माणसं विचारतात, इथे कॅलेंडर लावायचं सोडून हे काय लावलंय? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. काढून टाकायचं मन होत नाही आणि नीट बघवतही नाही.

अमरावतीच्या एका कॉलेजात मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. स्वभाव पहिल्यापासून फटकळ. पोरं मागून मला 'फुरसं' म्हणायची. मला ते माहीत होतं, पण वर्गीकरण बरोबर जमलंय म्हणून मी कधी कोणाला बोलले नाही.

प्रयोगशाळेत माझ्या जोडीला एक परिचर होते. मी त्यांना भाऊ म्हणायची, ते मला मॅडम. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातले. घरी पिढ्यान् पिढ्या गावच्या तलावात शिंगाडा लावायचा धंदा, पण हे दहावी झाले आणि नोकरीला लागले. सव्वीस वर्षं त्यांनी माझ्या बरण्या पुसल्या, त्यातलं द्रावण बदललं, लेबलं चिकटवली. चिकटवायची त्यांची एक पद्धत होती. आधी चारही कोपऱ्यांना डिंक, मग मधे, मग तळहाताने दाबून शंभरपर्यंत मोजायचं. सापांची लॅटिन नावं त्यांना माझ्या अर्ध्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त पाठ होती, आणि उच्चार असा अस्सल वऱ्हाडी की ऐकत राहावं.

त्यांची एक खोड मला विचित्र वाटायची. नवीन नमुना आला आणि अजून ओळख पटलेली नसली, की ती बिनलेबलाची बरणी ते भिंतीकडे तोंड करून ठेवत. एकदा मी चिडून विचारलं, हा काय प्रकार आहे? ते म्हणाले, नाव लागत नाही तोवर ते आतमधी जित्तं असते. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. ते हसले आणि बरणी तशीच भिंतीकडे ठेवून निघून गेले. मीही मग खात्री झाल्याशिवाय लेबल लिहायचं नाही हा माझा नियम त्यांना पुन्हा ऐकवला. तो नियम मी त्यांना इतक्यांदा ऐकवला असेल की आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. विभागातलं जुनं सामान फेकायला काढलं तेव्हा तो नकाशा त्यांनी मागून घेतला आणि गावी नेऊन शिंगाड्याच्या राखणीच्या झोपडीत लावला. पुढे एकदा मी फोनवर त्यांना सांगितलं की भाऊ, आपला नकाशा जुना झाला. आता काही अभ्यासक म्हणताहेत की हिरवा अॅनाकोंडा एक नाही, दोन जाती आहेत, उत्तरेकडची वेगळी. आणि पिवळा, काळ्या ठिपक्यांचा आणि बोलिव्हियाचा हे आपण तीन मानत होतो, ते तिघं म्हणे एकच. सगळ्यांना अजून मान्य नाही, भांडणं चालू आहेत. ते म्हणाले, म्हणजे आपण लेबलं बदलत बसलो तरी ते तिथंच असतीन ना, आपल्या पाण्यात? मी म्हणाले, असतील की, त्यांना काय घेणंदेणं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मोबाइलवर तो व्हिडिओ फिरला. पाण्यावरून काहीतरी जाड, लांब, सावकाश जातंय, आणि खाली लिहिलेलं की आपल्या तालुक्यात अॅनाकोंडा. व्हिडिओ कुठला तरी परदेशातला होता, मागची झाडंसुद्धा आपली नव्हती. पण नेमकं भाऊंच्या गावच्या तलावाचं नाव त्याला चिकटलं. त्या भागातली दोनचार बदकं आणि एक कुत्रं नाहीसं झालं होतं, तेवढं पुरलं. लोक गुरं पाण्यावर नेईनात. बायका त्याचं नाव घेईनात, नुसतं लांबडं म्हणत. चांदूर रेल्वेचे व्यापारी त्या तलावाचा शिंगाडा नको म्हणू लागले. शेवटी सरपंचांनी भाऊंकरवी मला निरोप धाडला की तुमी येऊन सांगा, तुमचं ऐकतीन.

मी गेले. मला असलं काम आवडतं, खोटं कशाला बोलू. भाऊ एसटी थांब्यावर घ्यायला आले होते. शाळेकडे जाताना ते म्हणाले, मॅडम, आदी एकदा पाण्याकडं जाऊन येऊ काय? मी म्हणाले, ऊन बघा केवढं आहे, पाणी पाहून काय करू? तिथे काय नाही ते मला माहीत आहे. ते बरं म्हणाले.

शाळेच्या फळ्याच्या खिळ्याला भाऊंनी झोपडीतला नकाशा आणून लावला. मी सगळं समजावून सांगितलं. अॅनाकोंडा हा बोआच्या कुळातला, आपला अजगर वेगळ्या कुळातला. अजगर अंडी घालतो, हा जिवंत पिल्लं देतो. हिरवा राहतो अॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत, अँडीज पर्वताच्या पूर्वेला. काळ्या ठिपक्यांचा अॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेटावर आणि वरच्या किनाऱ्यावर. एक बोलिव्हियाच्या गवताळ पाणथळीत. पिवळा त्याच्या खाली, पॅराग्वेकडे आणि अर्जेंटिनाच्या वरच्या टोकाला. तुमच्या शेतातलं मांडूळ आणि डुरक्या घोणस हे त्याचे दूरचे भाऊबंद, एवढंच काय ते नातं. एका म्हातारीने विचारलं, पण ते आलंच तं? मी म्हणाले, येणार कशाने बाई, मधे दोन समुद्र आहेत. सगळे हसले. मला चेव चढला. कागद मागवला आणि त्यावर लिहून दिलं की या तलावात अॅनाकोंडा नाही आणि असू शकत नाही. खाली सही, सहीखाली पदवी.

भाऊ मागे दाराशी उभे होते. तास-दीड तासात त्यांनी एकदाही नकाशाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत होते. मग त्यांनी तो कागद घेतला, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर चारही कोपऱ्यांना डिंक लावून चिकटवला आणि तळहाताने दाबून ओठातल्या ओठात मोजत उभे राहिले.

कार्तिकात शिंगाड्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. दुपारची वेळ होती. शिंगाडा कसा काढतात ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. पाण्यावर वेल पसरलेला असतो, पानाला पान लागलेलं, खालचं पाणी अजिबात दिसत नाही. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर फळी बांधून माणूस त्यावर बसतो, पाय पाण्यात सोडतो, पायांनीच ट्यूब ढकलतो, आणि वेल उचलून खालचे शिंगाडे हाताने चाचपून तोडतो. म्हणजे कमरेखालचा माणूस पूर्ण वेळ पानांखाली असतो. एरवी या कामाला घरची चौघं उतरायची. भाऊ, त्यांची बायको, मुलगा आणि सून. नुसता गलका असायचा, भाऊ तर मोठमोठ्याने गाणी म्हणायचे.

त्या दिवशी पाण्यात एकटे भाऊ होते, आणि गात नव्हते. त्यांच्या कमरेला दोर बांधलेला होता. दोराचं दुसरं टोक तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला पक्कं केलेलं, आणि मधला दोर त्यांची बायको हातात धरून उभी होती. बसलेली नाही, उभी. वहिनी मला म्हणाल्या, यंदा आमाले उतरूच देऊन नाही राहिले. मी भाऊंना हाक मारून चिडवलं की काय हो, एवढं वय झालं की दोर लागायला लागला? ते म्हणाले, पायात गोळे येतात मॅडम. मला पटलं. माझ्याही पायात येतात.

मी पाळीवर बसले. कसला म्हणून आवाज नव्हता. त्या तलावावर त्या दिवसांत पाणकोंबड्यांची नुसती गजबज असते, एकही दिसत नव्हती. मी मनात नोंद घेतली की या वर्षी पक्षी उशिरा आलेत. वारा पडलेला होता. आणि भाऊंपासून पंधरा-वीस हातांवर वेलाचा एक पट्टा सावकाश खाली गेला. पानांवर पाणी चढलं. तेवढीच पानं पुन्हा वर आली, आणि थोडं पुढचा पट्टा तसाच खाली गेला. भाऊंचा हात वेलात होता तो तसाच थांबला. वहिनींनी दोर ताणून धरला. किती वेळ गेला कोण जाणे, मग भाऊ पुन्हा शिंगाडे तोडू लागले. काय झालं म्हणून मी विचारलं, तर मासा असन म्हणाले. एवढा मासा त्या तलावात नाही हे मला कळायला हवं होतं. मी तिथे बसून उकडलेले शिंगाडे खाल्ले आणि पाचच्या एसटीने घरी आले.

आठवड्याने ते अमरावतीला माझ्या घरी आले. खताच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून एक कात आणली होती. सांडव्याच्या दगडांत सापडली म्हणाले, अजगराची दिसते, मॅडमनं एकदा पाहून नाव लिहून द्यावं, म्हणजे शाळेत फ्रेम करून लावू. चहा घेतला. जाताना पिशवी त्यांनी कोपऱ्यात ठेवली. ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की पिशवीचं तोंड त्यांनी भिंतीकडे करून ठेवलंय. मला हसू आलं, म्हटलं खोड काही जात नाही.

मी ती कात कोमट पाण्यात भिजवली आणि पलंगपोसावर पसरली. साडेनऊ फूट भरली. कात प्राण्यापेक्षा लांब असते, ताणली जाते, म्हणून लांबीची मला काळजी नव्हती. डोक्याचा भाग शाबूत होता. अजगराच्या ओठांवर उष्णता कळण्यासाठी बारीक खळगे असतात, ते शोधायला मी भिंग घेतलं. खळगे नव्हते. म्हटलं, फाटलं असेल. मग उलटी करून शेपटीखालचे खवले पाहिले. अजगराचे तिथले खवले जोडीजोडीने असतात, मधून रेघ मारल्यासारखे. हे एकेरी होते. मी तीनदा मोजले. मग खोलीत कोणीतरी उभं आहे असं मला वाटायला लागलं, आणि मी दिवसाढवळ्या उठून न्हाणीघरापासून सगळी दारं उघडी करून पाहिली.

मी तेव्हाच फोन करायला पाहिजे होता. भाऊ, पाण्यातून बाहेर या, एवढंच बोलायचं होतं. पण मी कोण? खात्री झाल्याशिवाय लेबल न लिहिणारी बाई! आणि त्यात तो सही केलेला कागद. खोटं नाही सांगत, कागदाचीच जास्त लाज वाटत होती. जुनी पुस्तकं काढली, कॉलेजात जाऊन अजगराची बरणी पाहिली, पुन्हा मोजलं. यात तीन दिवस गेले. ते तिन्ही दिवस भाऊ पाण्यात होते.

चौथ्या दिवशी बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरून अकोल्याला गेले. तिथे शोभेच्या माशांचं एक जुनं दुकान आहे, आमच्या प्रयोगशाळेच्या काचेच्या टाक्या त्यांच्याकडूनच यायच्या. या भागात कोणी विदेशी जनावर पाळलं असेल तर त्यांच्या कानावर असणार, असं मला वाटलं. दुकानदार वयस्क मुसलमान गृहस्थ, तोलून मापून बोलणारे. दुकानात अंधार, फक्त टाक्यांचा निळा उजेड, आणि बुडबुड्यांचा आवाज. मी कातीचा तुकडा काउंटरवर ठेवला. त्यांनी हात लावला नाही.

ते म्हणाले की साप मी कधी विकला नाही बाई, पण एक ठेकेदार होते, त्यांना असल्या विदेशी जनावरांचा शौक. नांदगाव रोडला त्यांनी फार्महाऊस बांधलं, तिथे सिमेंटच्या हौदात एक पिवळा अॅनाकोंडा ठेवला होता. मादी. लहान होती तेव्हापासून पाणी गरम ठेवायला ते माझ्याकडून हीटर न्यायचे. मग एका हिवाळ्यात आले नाहीत. मी विचारलं, साहेब, हीटर? तर म्हणाले, आता गरज नाही, तिला आपली थंडी मानवली. पुढे अशी जनावरं सरकारात नोंदवायचा नियम निघाला तसे ठेकेदार घाबरले. फार्महाऊस विकलं. घेणाऱ्याने पाहिलं तेव्हा हौद रिकामा होता. मी विचारलं, फार्महाऊसच्या मागून नाला जातो का? ते म्हणाले, जातो ना. तुम्हाला कसं माहीत?

तो नाला भाऊंच्या तलावात उतरतो.

परतीच्या गाडीत मला माझाच नकाशा डोळ्यांपुढे दिसत होता. मी सगळ्या जन्मात तो भिंतीवरून काढून पृथ्वीच्या गोलावर ठेवून पाहिला नव्हता. अमरावती विषुववृत्ताच्या वर एकवीस अंशांवर. पिवळ्या रंगाचा पट्टा विषुववृत्ताच्या खाली, साधारण तेवढ्याच अंतरावर. तिकडेही पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, मग कोरडं, आणि हिवाळ्यात गारठा. मी गावाला सांगून आले होते की मधे दोन समुद्र आहेत. आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती, ती मी शाळेत सांगितली नव्हती, कारण कोणी विचारली नव्हती. अॅनाकोंडाच्या मादीने नराशिवाय पिल्लं दिल्याची नोंद आहे. मूर्तिजापूरला डब्यात एक बाई चढली आणि तिने माझ्याकडे पाहून विचारलं की ताई, तब्येत बरी नाही काय?

बडनेऱ्याला उतरून घरी न जाता मी थेट गावाचा रस्ता धरला. पोचले तेव्हा उन्हं कलायला आली होती. वहिनी बाभळीजवळ दोर धरून उभ्या, आणि भाऊ तलावाच्या मध्यावर. मी पाळीवर उभी राहून ओरडले. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज, पण त्या दिवशी फाटला. ते पायांनी ट्यूब ढकलत हळूहळू आले. त्यांचे ते पाय पाण्याबाहेर निघेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

ते झोपडीपुढे बसले, अंगावरचं पाणी निथळत होतं. मी म्हणाले, "भाऊ, ती कात अजगराची नाही."

ते पंच्याने पाय पुसत राहिले.

"शेपटीखालचे खवले एकेरी आहेत."

"हाव," ते म्हणाले. "मी मोजले होते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तिथेच मातीत बसले. विचारलं, कधीपासून माहीत होतं? पोळ्याच्या आधीपासून, ते म्हणाले. सांडव्यावर ऊन खात पडलेलं त्यांनी स्वतः पाहिलं होतं, अंगावरचे डाग पाहिले होते, आणि झोपडीत येऊन नकाशावरच्या पिवळ्या पट्ट्यापुढे उभे राहिले होते. मी शाळेत आले त्या दिवशी आधी पाण्याकडे चला म्हणत होते ते त्यासाठीच. मग त्यांनी घरच्यांना काठावर ठेवलं आणि स्वतः कमरेला दोर बांधला.

"मग बोलले काहून नाही?" मी ओरडलेच. रागाने नाही, मला रडू येत होतं.

"तुमी सही करून कागद देल्ला, मॅडम. साऱ्या गावापुढं. मी नसतो उतरलो तं लोक म्हणाले असते, मॅडमच्या माणसालेच मॅडमवर भरोसा नाही."

पुढे जे व्हायचं ते झालं. दुसऱ्याच दिवशी मी त्याच शाळेत उभी राहिले, चुकले म्हणाले, आणि बोर्डावरचा कागद काढला. तो सहज निघाला नाही, भाऊंनी चिकटवलेला होता, नखांनी खरवडावा लागला. वनखात्याची माणसं दोनदा आली, जाळी लावली, काही सापडलं नाही. उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा सगळा गाव पाळीवर जमला होता. तळाशी भेगा पडलेला चिखल होता आणि दुसरं काहीही नव्हतं. पाळीत एक रुंद बीळ होतं, ते पलीकडे, खालच्या अंगाला जो दुसरा तलाव आहे त्याच्या बाजूला उघडत होतं. नकाशा भाऊंनी मला परत दिला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही तिघं झोपडीपुढेच बसून होतो. वहिनींनी अजून दोर सोडला नव्हता, तो त्यांच्या मुठीत तसाच होता. मग भाऊंनी घसा खाकरला आणि प्रयोगशाळेत अर्ध्या दिवसाची रजा मागायचे त्याच आवाजात, खाली बघत, मला विचारलं, "मंग मॅडम, उद्यापासून पाण्यात नाही उतरलं तं चालन ना?"